पसरणी घाटातल्या रेघा जळतायत (रात्रीचे फोटो, मदत हवी)

घाटवाट
रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी पसरणी घाटात गेलो होतो. वाईकडून चढताना वरच्या अंगाला कठड्याच्या आत थोडी सपाट जागा आहे. तिथून खालची तीन वळणं एकाखाली एक दिसतात. गाड्यांच्या दिव्यांच्या लाल-पांढऱ्या रेघा नागमोडी उतरत गेल्यात आणि मागे वाईचे दिवे लुकलुकतायत, असा फोटो डोक्यात घेऊन गेलो होतो. हाती आलं ते हे :

१. पहिले दहा फोटो : आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, एफ/४ (लेन्सचं भोक, आकडा वाढला की भोक लहान), शटर ३० सेकंद उघडं. रेघा पांढऱ्याफटक, लाल रंग कुठेच नाही. आकाश नासलेल्या संत्र्यासारखं.

२. मग वाटलं प्रकाश जास्त होतोय. म्हणून वेळ ३० वरून ८ सेकंदांवर आणला. रेघा तुकड्या-तुकड्यांत आल्या, पण जळायच्या तेवढ्याच जळल्या. हेच मला कळत नाहीये. वेळ पाव केला तरी रेघ तेवढीच पांढरी कशी?

३. एका गाडीची रेघ सलग येण्याऐवजी ठिपक्या-ठिपक्यांची आलीय, शिवणयंत्राची टीप घालावी तशी. कॅमेरा बिघडलाय का?

४. झूम करून पाहिलं तर सगळंच थोडं थोडं भुरकट.

कॅमेरा साधा डीएसएलआर, सोबत मिळालेली १८-५५ची लेन्स, ट्रायपॉड मित्राचा. रात्री साडेसातला पोचलो होतो, साडेदहाला थंडीने हाकललं. फोटो उद्या चढवतो, आत्ता नेट रडतंय.

---

निरुपद्रवी

फोटो दिसत नाहीयेत.

(चढवलेलेच नाहीत हे नंतर वाचलं. पण सवय.)

---

डार्करूम_काका

घाटवाट, तुझ्या दुसऱ्या प्रश्नात सगळी विद्या आहे. तो पडला म्हणजे अर्धं काम झालं.

रांगोळी काढताना पाहिलंयस ना? चिमटीतून किती रांगोळी सुटते त्यावर रेघेची जाडी ठरते. बाई किती वेळ अंगणात बसली त्यावर नाही. ती पाच मिनिटं बसली काय आणि तासभर बसली काय, रेघ तेवढीच जाड. तासाभरात ती लांब जाईल, इतकंच.

इथेही तेच. दिवा पळतोय. सेन्सरच्या एका ठिपक्यावर तो क्षणभर येतो आणि पुढे सरकतो. शटर आणखी वीस सेकंद उघडं राहिलं तरी त्या ठिपक्याला त्या दिव्याकडून काही मिळत नाही, कारण दिवा पुढच्या वळणावर गेलेला असतो. म्हणून रेघेचा उजेड ठरतो ॲपर्चर (तो एफचा आकडा) आणि आयएसओवर. शटरच्या वेळेवर रेघेची लांबी ठरते. आणि जे हलत नाही त्याचा उजेडही, म्हणजे डोंगर, आकाश, कठडा, खालचं गाव.

तू वेळ कमी केलास तेव्हा रेघ आखूड झाली आणि डोंगर काळा झाला. चिमूट होती तेवढीच राहिली.

चिमूट बारीक कर. आयएसओ ४०० चा १००, एफ/४ चा एफ/८. दोन्ही मिळून प्रकाश सोळाव्या हिश्श्यावर येतो. लाल रेघ लाल दिसायला लागेल. समोरून येणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट फारच डोळ्यांवर येत असतील तर एफ/११ पर्यंत जा. एफ/२२ वर जाऊ नकोस, भोक फार लहान झालं की प्रकाश कडेला फाकतो आणि चित्र मऊ पडतं.

आणखी एक. रांगोळीत हात रेंगाळला की तिथे ढीग पडतो. घाटात चढणीला भरलेला ट्रक दहाच्या वेगाने सरकतो, त्याची रेघ जाड आणि पांढरी. मागून ओव्हरटेक करून सुटलेल्या कारची रेघ बारीक. एकाच फोटोत दोन्ही येणार. ट्रक धरून सेटिंग लावलंस तर कार फिकी पडेल, कार धरून लावलंस तर ट्रक जळेल. मी ट्रकला जळू देतो.

---

पेंगुळलेली

काका, दंडवत. दोन वर्षं यूट्यूब बघून जे कळलं नव्हतं ते रांगोळीत कळलं. वाचनखूण साठवली आहे.

---

ठाणेकर_कटिंग

ठिपक्यांचं मी सांगतो, कॅमेरा ठणठणीत आहे. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांचे एलईडी टेललाइट सलग जळत नाहीत. सेकंदाला शंभरदा किंवा त्याहून जास्त वेळा उघडझाप करतात, मंद दिसावेत म्हणून. डोळ्याला ते कळत नाही. पण गाडी पळत असते, त्यामुळे प्रत्येक उघडझाप वेगळ्या जागी उमटते आणि टीप पडते. ब्रेक दाबला की तोच दिवा पूर्ण ताकदीने लागतो, तेव्हा रेघ सलग होते. फोटो नीट बघ, वळणाच्या आधी ठिपके मिटून सलग लाल पट्टा आला असेल.

जुन्या बल्बच्या गाड्यांना हे होत नाही. तार तापलेली असते, ती इतक्या पटकन विझत नाही.

इंडिकेटरचंही असंच, पण लांब लांब तुकडे. नारंगी डॅश. मला ते आवडतात.

---

घाटवाट

आत्ता बघितलं. वळणाच्या अलीकडे टीप संपून सलग लाल पट्टा आहे! अंगावर काटा आला हो. म्हणजे त्या माणसाने नेमका कुठे ब्रेक मारला ते फोटोत आहे.

---

लाल_डब्याची_लेक

पहिल्यांदाच लिहितेय इथे, एरवी नुसती वाचते. फोटोग्राफीतलं मला काही कळत नाही, पण घाट कळतो. माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. त्यांची शेवटची नऊ वर्षं महाबळेश्वरच्या फेऱ्यांवरच गेली.

ब्रेकवरून आठवलं. बाबा म्हणायचे, घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. जुना ड्रायव्हर उतरताना इंजिनावर गाडी धरतो, ब्रेकला वळणापुरता पाय लावतो. शनिवार-रविवारचे पाहुणे वरपासून खालपर्यंत ब्रेकवर उभे असतात. तुमच्या फोटोत उतरणाऱ्या गाडीची लाल रेघ सगळीकडे सारखीच ठळक असेल तर ती बहुतेक पाहुण्यांची. वळणापुरतीच ठळक असेल तर रोजच्या माणसाची. मी हे फोटोवरून नाही, बसच्या मागच्या सीटवरून सांगतेय.

दुसरं, डिपर, म्हणजे हेडलाइटची उघडझाप. रात्री आंधळ्या वळणावर हॉर्नपेक्षा डिपर कामाला येतो, कारण समोरच्याला उजेड आधी दिसतो. त्यामुळे पांढऱ्या रेघेत मधेच गाठी दिसतील. त्या खोडू नका.

आणि एक विनंती. बाबांच्या गाडीवर एकदा वळणावर कोणीतरी फ्लॅश मारला होता. पावसाळी रात्र होती, काच ओली होती. दोन सेकंद समोर नुसतं पांढरं. गाडीत चाळीस माणसं होती. बाबा डेपोत येऊन नुसते बसून राहिले होते, घरी आल्यावरही जेवले नाहीत. तेव्हा तुम्ही कठड्याआड उभे राहा, बॅटरी खाली धरा आणि फ्लॅश बंद आहे ना ते दोनदा बघा.

---

डार्करूम_काका

लेकी, लिहीत जा इथे. तुझ्या या एका प्रतिसादात जे आहे ते लेन्सच्या माहितीपत्रकात मिळत नाही.

---

निरुपद्रवी

+१. आणि फ्लॅशचा या फोटोत उपयोगही शून्य. तो वीस-पंचवीस फुटांपलीकडे पोचत नाही, खालचा घाट काय उजळणार! ऑटो मोडवर ठेवलं की कॅमेरा आपणहून फ्लॅश वर काढतो, तेवढं सांभाळा.

---

थेम्सकाठी

घाटवाट, तुम्ही साडेसातला पोचलात. माझ्या मते खरी चूक तिथेच झाली.

काळ्याकुट्ट आकाशात रेघा नुसत्या लोंबकळतात, खाली डोंगर आहे की दरी ते कळत नाही. सूर्य मावळल्यावर वीस मिनिटांनी आकाश गर्द निळं होतं. त्या वेळी डोंगराची कड अजून दिसत असते आणि गाड्यांचे दिवे लागलेले असतात. खेळ त्या पंधरा-वीस मिनिटांचा. डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य सहाच्या आसपास जातो. म्हणजे साडेपाचला ट्रायपॉड उभा पाहिजे आणि सहा-वीसला पहिला फोटो.

इथे लंडनला डिसेंबरात चारच्या आत सूर्यास्त. निळी वेळ आणि ऑफिस सुटायची वेळ जवळ जवळ येतात, वेस्टमिन्स्टर पुलावर बसच बस. दुमजली बसची रेघ म्हणजे रेघ नसतेच, दोन मजल्यांच्या खिडक्यांचा उजेडाचा पडदाच ओढल्यासारखा दिसतो. पण जूनमध्ये सूर्यास्त सव्वानऊनंतर, आणि अंधार होईपर्यंत रस्ते रिकामे. मी उन्हाळ्यात ट्रायपॉड माळ्यावर टाकतो.

आपल्याकडे संधिप्रकाश भराभर सरतो, इकडच्यासारखा रेंगाळत नाही. त्यामुळे सेटिंगची खटपट उजेडातच उरकून घ्या. फोकससुद्धा.

---

ठाणेकर_कटिंग

फोकस = प्रश्न ४. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो आणि मिळेल त्यावर थांबतो. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं दृश्य) चालू कर, लांबच्या एखाद्या स्थिर दिव्यावर दहापट झूम कर, रिंग फिरवून तो दिवा बारीकात बारीक टिंब कर, मग लेन्सवरचा स्विच मॅन्युअलवर. नंतर झूमला हात लावायचा नाही, लावलास तर पुन्हा पहिल्यापासून.

लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र सावरणारी सोय) ट्रायपॉडवर बंद. दोन सेकंदांचा टायमर. गळ्यातला पट्टा काढून खिशात घाल, वाऱ्यात तो फडफडतो आणि अख्खा कॅमेरा थरथरतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नकोस. खाली सॅक अडकव, पण ती जमिनीला टेकू दे, नाहीतर लंबकासारखी झुलत बसते.

आणि लेन्सवर यूव्ही फिल्टर आहे का? असेल तर काढ. हेडलाइटचा उजेड त्या सपाट काचेवरून परततो आणि फोटोत उलट्या बाजूला हिरवट भुतं उमटतात. मी दोन महिने त्या भुतांना लेन्सचा दोष समजत होतो. दुकानदारानेही लेन्स बदलून घ्या म्हणून सांगितलं होतं, त्याचं नाव घेत नाही.

---

घाटवाट

फिल्टर आहे. हिरवी भुतंही आहेत. 🙏

---

पेंगुळलेली

मला एक प्रामाणिक प्रश्न आहे. माझ्याकडे फक्त फोन आहे. मी या धाग्यावरून उठून जाऊ का?

---

निरुपद्रवी

बसा हो. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत प्रो मोड असतो. त्यात आयएसओ सगळ्यात खाली आणि वेळ १० किंवा ३० सेकंद. फोन उभा करायला ट्रायपॉड हवाच. माझा पहिला ट्रायपॉड म्हणजे तांदळाची किलोभराची पिशवी होती. कठड्यावर ठेवायची, खळगा करायचा, त्यात फोन रोवायचा. हलत नाही.

आयफोनवाल्यांना लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजरचा इफेक्ट देता येतो. पण तो सगळा मिळून तीन सेकंदांचा मामला. ताशी साठने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. शहरातल्या चौकाला पुरेल, घाटाला नाही. पिक्सेलमध्ये सहाव्या मॉडेलपासून असाच वेगळा मोड आहे.

फोनची खरी अडचण अशी की बहुतेकांत ॲपर्चर बदलता येत नाही. काकांच्या भाषेत चिमूट कायमची मोठी. म्हणून निळी वेळ सरल्यावर समोरून येणाऱ्या हेडलाइटच्या नादी लागू नका. पाठमोऱ्या गाड्यांच्या लाल रेघा घ्या, त्या फोनवर सुरेख येतात.

---

डार्करूम_काका

आता वेळेचा हिशोब, कारण सगळे ३० सेकंद म्हणतात आणि का ते कोणी सांगत नाही. ३० म्हणतात कारण बहुतेक कॅमेऱ्यांत आकडे तिथे संपतात. पुढे बल्ब मोड, म्हणजे बटण दाबून धरशील तोवर शटर उघडं.

हिशोब सोपा आहे. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. तुझ्या चौकटीत रस्ता किती लांब दिसतो? तीन वळणं मिळून समज ६०० मीटर. कार ताशी ३६ ने गेली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ६० सेकंद. बस किंवा ट्रक ताशी १८ ने गेला तर १२० सेकंद. मग ३० सेकंदांत तुला सलग नागमोडी रेघ मिळेल कशी? रेघ मध्येच सुरू होणार आणि मध्येच विरणार. तू म्हणतोस तुकड्या-तुकड्यांत आल्या, त्या यामुळे.

तेव्हा बल्ब मोड, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायचं बटण, साधी वायरची फार महाग नसते) आणि दोन मिनिटं. एवढा वेळ आकाश जळणार नाही का? निळ्या वेळेच्या सुरुवातीला जळेल. त्यावर आमच्या काळचा उपाय म्हणजे काळा पुठ्ठा. शटर उघडं, लेन्सपुढे पुठ्ठा धरून ठेवायचा. गाडी चौकटीत शिरली की काढायचा, गेली की धरायचा. लेन्सला लागू द्यायचा नाही. रस्ता मोकळा असताना आकाशाचा उजेड साठत नाही, रेघा मात्र साठत जातात. रात्री साडेआठला खंडाळ्याला राजमाची पॉइंटवर मी पुठ्ठा घेऊन असा हात वरखाली करत होतो, तेव्हा भुट्टेवाल्याने मला वारा घालतोय का म्हणून विचारलं होतं.

फिल्मला एक रोग होता. एक्स्पोजर काही सेकंदांपलीकडे गेलं की फिल्म आळसावते, हिशोबाने जेवढी उजळायला हवी तेवढी उजळत नाही. पण गंमत बघ, रेघांना तो रोग लागत नसे. प्रत्येक कणावर दिवा क्षणभरच येतो ना. डोंगर अंधारायचा आणि रेघा झळझळीत यायच्या. छत्तीसच्या रोलमध्ये चार फोटो बरे निघाले तर आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवायचो.

अवांतर : डागेर नावाच्या फ्रेंच माणसाने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो काढला. एक्स्पोजर काही मिनिटांचं. रस्त्यावर घोडागाड्या धावत होत्या, फोटोत एकही नाही. दिसतो फक्त एक माणूस, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. तुझ्या फोटोतही गाड्या नाहीतच. त्या पुसल्या गेल्यात, दिवे तेवढे उरलेत. डागेरच्या गाड्या दिवसा धावत होत्या म्हणून तेही उरले नाहीत.

---

सायबर_गुरव

काका, आजच्या जमान्यात पुठ्ठा? ८-१० सेकंदांचे पन्नास फोटो काढा, घरी येऊन स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये टाका (फुकट आहे), लायटन मोड लावा. प्रत्येक ठिपक्यातला सगळ्यात उजळ रंग तेवढा उचलला जातो. आकाश एका फोटोइतकंच राहतं, रेघा पन्नासही फोटोंच्या येतात. मध्ये कोणी बॅटरी मारली तर तेवढा एक फोटो बाहेर काढायचा. तुमच्या दोन मिनिटांच्या एकाच फोटोत शेवटच्या सेकंदाला कोणी बॅटरी मारली तर काय कराल?

---

डार्करूम_काका

शिव्या देईन आणि पुन्हा दोन मिनिटं उभा राहीन.

---

ठाणेकर_कटिंग

असं स्टॅकिंग (फोटोवर फोटो रचणं) करताना कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा. ते चालू असलं की १० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा शटर मिटून आणखी १० सेकंदांचा काळा फोटो घेतो आणि त्यातले गरम ठिपके (सेन्सर तापून उमटलेले) मूळ फोटोतून वजा करतो. त्या दहा सेकंदांत गाड्या निघून जातात. रेघेला खिंडारं पडतात.

रिलीजचं बटण अडकवून सलग शूटिंगवर ठेवलं तर दोन फोटोंमधली फट एक सेकंदापेक्षा कमी राहते. ताशी १८ च्या बसला एका सेकंदात ५ मीटर, लांबून दिसतही नाही. एक्स्प्रेसवेला शंभरच्या गाडीला तेच २८ मीटर, तिथे दिसतं.

ऑलिंपसवाल्यांना हे सगळं कॅमेऱ्यातच होतं, लाइव्ह कॉम्पोझिट. मागच्या पडद्यावर रेघा एकेक वाढताना दिसतात. मित्राकडे बघितलं आणि तीन दिवस जळलो.

---

सोज्वळ_संशयी

स्टॅकिंग म्हणजे खोटा फोटो नाही का? पन्नास वेगवेगळ्या क्षणांतल्या गाड्या एकत्र दाखवायच्या.

---

सायबर_गुरव

दोन मिनिटांच्या सलग फोटोत तरी गाड्या एका क्षणातल्या असतात का?

---

सोज्वळ_संशयी

मुद्दा आहे. पण पटला नाही.

---

निरुपद्रवी

खऱ्या-खोट्यावरून एक युक्ती. मागे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "समृद्धी महामार्गाचं रात्रीचं विहंगम दृश्य, अभिमान वाटला तर पुढे पाठवा" असा फोटो फिरत होता. डावीकडे पांढऱ्या रेघा, उजवीकडे लाल. मी म्हटलं, हा रस्ता भारतातला नाही.

आपण डावीकडून चालवतो. रस्त्याच्या मधोमध पुलावर उभं राहून कुठल्याही दिशेला बघा, डाव्या हाताची वाहनं आपल्यापासून दूर जातात, म्हणजे लाल. उजव्या हाताची आपल्याकडे येतात, म्हणजे पांढरी. डावीकडे पांढरं दिसलं की तो अमेरिका-युरोपातला रस्ता, नाहीतर फोटो आरशासारखा उलटलेला. ग्रुपवर मला देशद्रोही ठरवण्यात आलं, ते असो.

---

थेम्सकाठी

इंग्लंडलाही डावीकडूनच. माझ्या फोटोंवर विश्वास ठेवा. 🙂

---

कऱ्हाडी_झटका

घाटवाट, पसरणीत दोन्हीकडची वाहतूक आहे म्हणून लाल-पांढरं एकत्र मिळतं. खंबाटकीला मी फसलो होतो. तेव्हा तिथे पुण्याकडून साताऱ्याला जाणारी वाहनं घाट चढायची आणि साताऱ्याकडून येणारी बोगद्यातून जायची. म्हणजे घाटात सगळे एकाच दिशेचे. घरून निघताना डोक्यात दोन रंग, आणि तिथे पोचल्यावर हे लक्षात आलं. पण वळणावर उभा राहिलो तर एका टप्प्यावर गाड्या माझ्याकडे येत होत्या, वळण घेऊन पुढच्या टप्प्यावर पाठमोऱ्या. तीच गाडी वळणापाशी पांढऱ्याची लाल होते. असा फोटो दुतर्फा रस्त्यावर इतका स्वच्छ येत नाही. फसलो ते बरंच झालं.

उसाचा सीझन चालू असेल तर आमच्याकडे या. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे दिवाच नाही. फोटोत पुढच्या दोन पिवळट रेघा येतात, आणि मागे जी काळी भिंत जाते ती कुठेच उमटत नाही. बैलगाडी तर अजिबातच नाही. मी मळीच्या वासात उभा राहून सात मिनिटं मोजली, समोरून नऊ बैलगाड्या गेल्या, फोटोत रस्ता रिकामा. फोटो म्हणून काहीच नाही तो, पण मी ठेवलाय. रात्री त्या रस्त्यावर गाडी चालवताना आठवतो.

---

लाल_डब्याची_लेक

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर असतो कधीकधी, पण आपला उजेड त्याच्यावर पडेपर्यंत उशीर झालेला असतो.

---

दादरची_चिमणी

मुंबईकरांनी हजेरी लावली नाही असं नको. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले होते. क्वीन्स नेकलेस गेला म्हणून केवढी ओरड झाली, आणि मग पिवळसर छटेचे दिवे आले. फोटोच्या दृष्टीने सांगते, सोडियमच्या उजेडात व्हाइट बॅलन्स (फोटोतला पिवळ्या-निळ्या छटेचा तोल) कितीही खाली ओढला तरी नारंगीपणा पुरता जात नाही, कारण त्या उजेडात बाकीचे रंग जेमतेमच असतात. एलईडीत ते सावरता येतं. घाटवाट यांचं "नासलेलं संत्रं" खालच्या गावातल्या दिव्यांमुळे असेल तर रॉमध्ये (कॅमेऱ्याने न घोटलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा आणि व्हाइट बॅलन्स ३५०० केल्व्हिनच्या आसपास आणून बघा.

सी-लिंकचा फोटो हवा असेल तर वांद्रे रेक्लमेशनच्या बाजूने. पुलावर गाडी थांबवायला बंदी आहे, कोणी थांबवू नका. ट्रायपॉड दिसला की कोणी ना कोणी येऊन हटकतंच. मी वाद घालत नाही. आधी एक फोटो दाखवते. एकदा हटकायला आलेले हवालदारच पाच मिनिटं थांबले आणि "आता ती बस येतेय, घ्या" म्हणून सांगत होते.

---

घाटवाट
पुढचा रविवार, रात्री ११:३०

धागा वर काढतोय. काल पुन्हा गेलो.

साडेपाचला जागेवर. उजेडात फोकस, स्विच मॅन्युअलवर, वर चिकटपट्टी. फिल्टर घरी. पट्टा खिशात. आयएसओ १००, एफ/८. सहा-वीसला सुरुवात केली तर १५ सेकंदांतच आकाश फार उजळ येत होतं. मग खरंच काळा पुठ्ठा काढला. काका, मी तो लग्नपत्रिकेच्या पाकिटातून कापला होता, आतून सोनेरी निघाला. पहिल्या तीन फोटोंत सोनेरी ढग आहेत.

साडेसहाला आकाश हवं तसं झालं. बल्ब, ११० सेकंद. चढणारा पिकअप होता, मागून दोन कार, आणि वरून महाबळेश्वरची एसटी उतरत होती. एसटीची रेघ बाकीच्यांपेक्षा वर, आणि तिच्याखाली आतल्या दिव्यांचा फिकट पिवळा पट्टा. तिसऱ्या वळणावर दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे पांढऱ्या रेघेत एक गाठ आहे. डिपर. आणि एसटीची लाल रेघ वळणापुरतीच जाड झालीय, मध्ये बारीक.

मग सात वाजता सगळे फोटो धुरकट यायला लागले. मला वाटलं धुकं. टॉर्च लावून बघितलं तर लेन्सवर दव. रुमालाने पुसलं, दोन मिनिटांत पुन्हा. शेवटचे वीस फोटो त्यात गेले. दवावर काय करता?

फोटो चढवलाय. आता तरी दिसतोय का?

---

निरुपद्रवी

दिसतोय. आणि बराच वेळ बघत बसलोय.

---

ठाणेकर_कटिंग

दव : लेन्सभोवती जुना पायमोजा गुंडाळ, आत हात गरम ठेवायचं छोटं पाकीट. लेन्स हवेपेक्षा जराशी गरम राहिली की दव धरत नाही. आणि फुंकर मारून पुसू नकोस, तुझ्या तोंडची वाफच बसते.

---

डार्करूम_काका

ट्रक जळलाय. जळू दे. डावीकडचा कठडा कापून टाक, त्याचं तिथे काही काम नाही.

---

लाल_डब्याची_लेक

बाबांना फोन मोठा करून दाखवला. चष्मा लावून बघितला. म्हणाले, "वरून उतरणारी ती सव्वासहाची गाडी असणार. बरा चालवतोय पोरगा."

मग म्हणाले, तिसऱ्या वळणाच्या अलीकडे त्याने ब्रेक थोडा आधी लावलाय, तिथे रस्त्याला काहीतरी असेल. घाटवाट, होतं का काही तिथे?

---

घाटवाट

हो. वळणाच्या अलीकडे खडी सांडली होती. येताना माझीच बाइक तिथे घसरता घसरता राहिली.